गजकर्णाचा पंचनामा

ज्या रोगाने मनुष्य मरत नाही, अंथरुणास खिळत नाही, आणि ज्याचे कारण लिहून कचेरीत रजेचा अर्जदेखील करता येत नाही, परंतु ज्याच्यापायी चारचौघांत बसले असता हात नकळत भलत्या ठिकाणी जाईल या धास्तीने निम्मे लक्ष स्वतःच्याच हातावर ठेवावे लागते, अशा रोगाला प्रतिष्ठा कधीच लाभत नाही. देवी आणि पटकी यांच्या धाकाने गावोगाव देवळे उभी राहिली, प्लेगने १८९७ चा कायदा करविला, क्षयाने तर कादंबरीकारांना नायिका पुरविल्या. गजकर्णाच्या वाट्याला आली ती आगगाडीच्या डब्यातील मलमाची जाहिरात आणि परसातील टाकळ्याचा पाला. कमरेवर किंवा जांघेत उठणाऱ्या चक्राला गजकर्ण अथवा नायटा म्हणावे, मुलाच्या डोक्यावर केस तुटून पडलेले टक्कल दिसले की चाई म्हणून सोडून द्यावे, भातखाचरात दिवसभर उभे राहणाऱ्याच्या पायांच्या बेचक्यांतील चिखल्या पाऊस सरला की आपोआप जातील असे समजावे, आणि पिवळी पडून भुगा होत जाणारी नखे वार्धक्याच्या खाती टाकावीत, अशा रीतीने पुष्कळदा एकाच कुळाची जी करणी असते ती आपण निरनिराळ्या खात्यांवर मांडीत आलो.

हे कूळ बुरशीचे आहे. पावावर, लोणच्यावर, पावसाळ्यातल्या चपलांवर जी येते तिच्याच दूरच्या भाईबंदांपैकी काहींनी फार पूर्वी एक विलक्षण खाद्य पत्करले. केस, नख, शिंग, खूर, पीस आणि त्वचेचा सर्वांत वरचा मृत थर ज्या चिवट प्रथिनाचे बनलेले असतात त्या केराटिनावर उपजीविका करण्याची कला फारच थोड्या जीवांना साधली आहे, आणि या बुरशा त्यांतल्या अग्रगण्य आहेत. जिवंत ऊतींत शिरण्याच्या भरीस त्या सहसा पडत नाहीत. शरीराने जे टाकून दिले, परंतु अद्याप अंगावेगळे केले नाही, तेवढ्यावरच त्यांचा निर्वाह चालतो. खाज, लाली आणि चक्र हा त्यांच्या उच्छिष्टाविरुद्ध शरीराने केलेला कांगावा होय. चक्राची कडा तेवढी लाल आणि मध्यभाग निवळलेला दिसतो, कारण बुरशी आपला मुक्काम सतत बाहेरच्या बाजूस हलवीत असते.

यांतील काही जाती मातीत राहतात, काही जनावरांच्या अंगावर, आणि काहींनी माणसाचा आश्रय इतका एकनिष्ठपणे धरला आहे की त्यांना दुसरे घरच उरलेले नाही. हा भेद पंडिती नव्हे. मुलाच्या डोक्यावरून मिळालेली बुरशी मायक्रोस्पोरम कॅनिस निघाली तर घरातील मांजर किंवा कुत्र्याचे पिल्लू तपासावे लागते. ट्रायकोफायटॉन व्हेरुकोसम निघाली तर गोठ्यातील वासरू पाहावे लागते. ट्रायकोफायटॉन व्हायोलेसियम निघाली तर मांजराला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्या भावंडांची डोकी पाहावीत आणि फणी कोणाकोणात फिरते याची विचारपूस करावी. औषधातही फरक पडतो. डोक्यावरील मायक्रोस्पोरमला ग्रिझिओफल्व्हिन अधिक मानवते, म्हणजे बुरशीला अधिक जाचते, तर ट्रायकोफायटॉनवर टर्बिनाफिन सरस ठरत आले. निस्टॅटिन हे औषध कॅन्डिडा नावाच्या किण्वावर उत्तम चालते आणि गजकर्णावर मुळीच चालत नाही. जांघेतली लाली पाहून या दोहोंतील कोणती हे नुसत्या डोळ्यांनी छातीठोकपणे सांगणारे वैद्य आहेत, त्यांच्या आत्मविश्वासाला माझा नमस्कार असो.

या बुरशांना आरोपीच्या पिंजऱ्यात आणण्याचे श्रेय ज्यांना जाते ते, योगायोग असा की, विद्यापीठांच्या उंबरठ्याबाहेर तिष्ठत ठेवलेले लोक होते. १८३५ मध्ये इटलीत आगोस्तिनो बासीने रेशमाच्या किड्यांना मारणारी पांढरी भुकटी ही एक सजीव बुरशी असल्याचे दाखविले. सूक्ष्म जीव रोग घडवू शकतो याचा तो पहिला भरभक्कम पुरावा. त्यानंतर दोनच वर्षांनी, बर्लिनमध्ये राहणाऱ्या रॉबर्ट रेमाक या पोझेनच्या ज्यू तरुणाने डोक्यावर मधमाशांच्या पोळ्यासारख्या पिवळ्या खपल्या धरणाऱ्या फेव्हस या रोगाची खपली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तेव्हा ती खपली म्हणजे तंतूंचे आणि गोलकांचे जाळे असल्याचे त्याला दिसले. १८३९ मध्ये योहान श्योनलाइनने, ज्याच्या हाताखाली रेमाकने पुढे काम केले, ते तंतू बुरशीचे असल्याचे एका छोट्या टिपणात जाहीर केले. रेमाकने मग ती खपली स्वतःच्या बाहूवर बांधून रोग उठवून दाखविला, आणि १८४५ मध्ये बुरशीला नाव देताना आपल्या वरिष्ठाचे नाव तिला बहाल केले. धर्मापायी ज्याला प्राध्यापकाची खुर्ची नाकारली गेली त्याने हे औदार्य दाखवावे, ही गोष्ट आमच्या विद्यापीठांतील संशोधनमार्गदर्शकांनी सवडीने वाचण्यासारखी आहे.

तिकडे पॅरिसमध्ये, हंगेरीहून आलेला आणि त्याच कारणास्तव व्हिएन्नात वाव न मिळालेला दाव्हिद ग्रुबी १८४१ पासून एकामागून एक निवेदने विज्ञान अकादमीपुढे ठेवीत होता. फेव्हस, मुलांच्या डोक्यावरील गजकर्ण, दाढीचे गजकर्ण या प्रत्येकाची बुरशी वेगळी आहे, आणि एक जात केसाच्या बाहेर बीजाणूंचे आवरण करते तर दुसरी केसाच्या आत बीजाणू भरते, हे त्याने रेमाकच्या कामाची वार्ता नसताना स्वतंत्रपणे हुडकून काढले. १८४३ मध्ये त्याने वर्णिलेल्या मायक्रोस्पोरमचे नाव आजही चालू आहे. काही वर्षांतच त्याने हा विषय सोडून दिला आणि तो पॅरिसचा एक लहरी, नामांकित वैद्य झाला. शोपॅं आणि हाइने हे त्याचे रोगी होते. त्वचारोगतज्ज्ञांनी मात्र त्याच्या शोधाची पुढली पन्नास वर्षे फारशी दखल घेतली नाही.

ती दखल घेतली रेमों साबूरो या फ्रेंच वैद्याने. १८६४ मध्ये जन्मलेला हा गृहस्थ पॅरिसच्या सेंट लुई इस्पितळात काम करी, आणि फावल्या वेळात शिल्पे घडवी. त्या काळी गजकर्ण झालेल्या मुलांना सार्वजनिक शाळेत प्रवेश नसे, सबब त्यांच्यासाठी इस्पितळाच्या आवारातच एक शाळा चालविली जात होती, आणि तेथे मुले बरी होण्याची वाट पाहत वर्षानुवर्षे राहत. साबूरोला एवढे रोगी एका छताखाली मिळाले. तथापि रोगी मिळाल्याने शास्त्र होत नाही. त्याच्या पूर्वसूरींची अडचण अशी होती की तीच बुरशी एकाच्या बशीत पांढरी आणि कापसासारखी उगवे, दुसऱ्याच्या बशीत पिवळी आणि चूर्णासारखी, आणि दोघेही तिला नवी जात म्हणून नवे नाव देत. साबूरोने हट्ट धरला तो असा की अन्न बदलले की रूप बदलते, म्हणून रूपाची तुलना करायची असेल तर सर्वांनी एकच अन्न घालावे. अमुक कारखान्याची शर्करा, अमुक कारखान्याचे पेप्टोन, असा त्याचा आग्रह असे, आणि त्याच्या काही समकालीनांना तो तऱ्हेवाईकपणा वाटे. चार टक्के शर्करा, एक टक्का पेप्टोन, घट्टपणासाठी अगार, आणि जिवाणूंना मानवू नये अशी किंचित आम्लता, एवढाच तो पाठ होता. थोडीफार दुरुस्ती होऊन तो आजही जगातील जवळजवळ प्रत्येक कवकशास्त्र-प्रयोगशाळेत शिजतो, आणि त्याच्या बाटलीवर साबूरोचेच नाव असते.

१९१० मध्ये त्याचा 'ले तेन्य' हा जाडजूड ग्रंथ निघाला. त्याच साबूरोने १९०४ च्या सुमारास क्ष-किरणांनी मुलांच्या डोक्याचे सर्व केस एकाच बैठकीत झडविण्याची पद्धत बसविली, आणि वर्षांचा मुक्काम महिन्यांवर आला. ही पद्धत पुढे अर्धशतकभर देशोदेशी राबविली गेली. इस्राएलमध्ये १९५० च्या आगेमागे उत्तर आफ्रिका आणि मध्यपूर्वेतून आलेल्या हजारो निर्वासित मुलांच्या डोक्यांवर तिचा प्रयोग झाला, आणि १९७४ पासून जे अभ्यास प्रसिद्ध झाले त्यांत त्या मुलांना पुढे मेंदूचे आणि कंठग्रंथीचे अर्बुद अधिक प्रमाणात झाल्याचे दिसून आले. ग्रिझिओफल्व्हिन हे पोटात घेण्याचे औषध १९३९ मध्ये एका पेनिसिलियम बुरशीतून वेगळे केले गेले होते, पण गजकर्णावर त्याचा उपयोग होतो हे १९५८ पर्यंत कोणाच्या ध्यानी आले नाही. मधल्या एकोणीस वर्षांत किती डोकी किरणांखाली गेली असतील याचा विचार मन विषण्ण करतो.

साबूरोच्या नंतर नावांचा पूर आला. १९३० च्या दशकापर्यंत शंभरावर जाती ग्रंथांत नोंदल्या गेल्या होत्या, आणि त्यांतल्या पुष्कळशा एकाच इसमाच्या निरनिराळ्या पोशाखांतील तसबिरी होत्या. अमेरिकेच्या चेस्टर एमन्सने १९३४ मध्ये ही फेरिस्त तपासून तिची छाटणी केली. केवळ बीजाणूंचे आकार आणि रचना प्रमाण मानून त्याने सर्व जाती ट्रायकोफायटॉन, मायक्रोस्पोरम आणि एपिडर्मोफायटॉन अशा तीन घराण्यांत बसविल्या. ही व्यवस्था २०१७ पर्यंत जवळजवळ अबाधित राहिली, आणि त्या वर्षी जनुकांच्या आधारे घराणी पुन्हा वाटली गेली. मातीतील मायक्रोस्पोरम जिप्सियम आता नॅनिझिया जिप्सिया झाली आहे. जुन्या तंत्रज्ञांच्या तोंडी अर्थातच जुनेच नाव आहे.

हे सर्व पुस्तकांतून वाचता येते. पंचनामा प्रत्यक्ष कसा होतो हे पाहण्यासाठी मी मुंबईतील एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात काही सकाळी बसलो. त्वचेच्या बाह्यरुग्ण विभागातून कागद घेऊन रोगी तेथे येतात, आणि तंत्रज्ञ बाई त्यांचा जबाब उभ्याउभ्याच घेतात. "दादा, मलम कुठलं लावलंत?" "मेडिकलवाल्यानं दिलं." "किती दिवस?" "लावतोय, सोडतोय. लावलं की बरं वाटतं." "ट्यूब आणलीत का?" ट्यूब बहुधा खिशातच असते, आणि ती शेपटाकडून गुंडाळत आणलेली असते. बाई तिच्यावरची बारीक अक्षरे वाचतात आणि नोंदवहीत लिहितात. त्यांना विचारले तर म्हणाल्या, "नाव वाचायची गरज नसते हो. बेटा किंवा क्लोबे असतंच." म्हणजे बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल. त्या स्टिरॉइडांविषयी पुढे लिहावयाचेच आहे.

जागा सत्तर टक्के अल्कोहोलने पुसली जाते, म्हणजे मलमाचा थर आणि वरवरचे जिवाणू दूर होतात. मग बोथट धारेच्या पात्याने चक्राच्या कडेवर, जेथे बुरशी आज मुक्कामास आहे तेथे, हलक्या हाताने खरवडले जाते. मध्यभाग खरवडणे म्हणजे पाहुणे निघून गेल्यावर घराची झडती घेणे होय. पडलेले पापुद्रे काळ्या कागदावर घेतात, कारण पांढऱ्यावर ते दिसत नाहीत, आणि त्याच कागदाची पुडी करून तीवर क्रमांक टाकतात. पुडी कागदाचीच हवी. प्लास्टिकच्या डबीत ओल कोंडते आणि जिवाणू माजतात, उलट कोरड्या कागदात या बुरशा आठवड्यांमागून आठवडे तग धरतात. केस असेल तर तो कापीत नाहीत, चिमट्याने मुळासकट उपटतात, कारण बुरशी मुळाकडे असते. त्यासाठी काही वेळा खोली अंधारी करून वुडच्या दिव्याचा प्रकाश पाडतात. रॉबर्ट वुड या अमेरिकन पदार्थवैज्ञानिकाने विसाव्या शतकाच्या आरंभी बनविलेल्या काचेतून जाणारा तो अदृश्यप्राय किरण मायक्रोस्पोरमने ग्रासलेल्या केसावर पडला की केस हिरवट पिवळा चकाकतो. हा उपयोग १९२५ मध्ये दोघा फ्रेंच वैद्यांनी दाखवून दिला. दुर्दैव एवढेच की आपल्याकडील डोक्यांवर बहुतकरून ट्रायकोफायटॉनच भेटते, आणि ते चकाकत नाही.

पापुद्रे काचपट्टीवर ठेवून त्यांवर दहा ते वीस टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब सोडतात. विभागात त्याला केओएच म्हणतात, आणि 'केओएच लावला का?' हे वाक्य तेथे दिवसभर कानी पडते. हा क्षार केराटिनाला विरघळवितो आणि बुरशीच्या भिंतीला सहसा धक्का लावीत नाही. मग वीस मिनिटांनी, किंवा दिव्यावर किंचित शेकले असता त्याहून लवकर, पापुद्रा पारदर्शक होतो आणि त्याच्या आरपार पडद्यांनी विभागलेले, फाटे फुटलेले तंतू दिसू लागतात. नखाला हाच क्षार अधिक तीव्र आणि रात्रभर लागतो. मला प्रथम बराच वेळ काहीही दिसले नाही. मग जे दिसले ते, विभागाच्या डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितले, कापसाचा धागा होता. नवशिक्यांना चकविणारा आणखी एक प्रकार आहे. पेशींच्या कडांना धरून साचलेले स्निग्ध स्फटिक हुबेहूब तंतूंचे जाळे भासवितात, आणि जुन्या ग्रंथांत त्याला मोझेक बुरशी असेच म्हटले आहे. खरा तंतू पेशींच्या सीमा ओलांडून सरळ जातो, तर हे जाळे सीमा पाळते. एवढ्या भेदावर निदान उभे असते.

येथे माझे एक मत मांडून ठेवतो. संपूर्ण शोधयंत्रणेत ही पहिली पायरी सर्वांत स्वस्त आहे. काचपट्टी, क्षाराची बाटली आणि साधा सूक्ष्मदर्शक यांखेरीज तिला काही लागत नाही, उत्तर त्याच दिवशी मिळते, आणि तालुक्याच्या दवाखान्यातही ती बसविता येते. असे असूनही गजकर्णाचे बहुसंख्य रोगी ही पायरी न चढताच औषधापर्यंत पोहोचतात. केओएचने जातीचे नाव कळत नाही हे खरे, परंतु हा मामला बुरशीचा आहे की नाही हे कळते. खाजणाऱ्या प्रत्येक चट्ट्यावर बुरशीनाशक, स्टिरॉइड आणि जिवाणूनाशक एकदम मिसळलेले मलम थापण्याची जी चाल पडली आहे, तिचे मूळ हा साधा प्रश्न न विचारण्यात आहे.

नाव कळण्यासाठी रोपण करावे लागते. साबूरोच्या अगारात क्लोरॅम्फेनिकॉल आणि सायक्लोहेक्झिमाइड मिसळतात. पहिले जिवाणूंना आवरते, दुसरे हवेतील आगंतुक बुरशांना. नखाच्या बाबतीत हे दुसरे रसायन घातलेली एक आणि न घातलेली एक अशा दोन नळ्या लावाव्या लागतात, कारण नखे खाणाऱ्या काही बुरशा, उदाहरणार्थ स्कोप्युलॅरिऑप्सिस, त्या रसायनाने मरतात आणि तंत्रज्ञाच्या हाती शून्य येते. उलट हवेतली एखादी बुरशी नळीत उगवली म्हणून तीच गुन्हेगार असेही म्हणता येत नाही. ब्रिस्टलच्या मेरी इंग्लिश यांनी १९७६ मध्ये याविषयी जे दंडक घातले ते अद्याप पाळले जातात. गजकर्णाच्या कुळातील बुरशी नखातून एकदा आली तरी पुरे. इतर कोणी आली तर तंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेले असावेत, अनेक तुकड्यांतून तीच यावी, आणि शक्य तर दुसऱ्या खेपेसही यावी. नखाचे अहवाल वाचताना मला नेहमी वाटते की हा दंडक पाळणाऱ्या प्रयोगशाळा आणि न पाळणाऱ्या प्रयोगशाळा यांची दोन स्वतंत्र शास्त्रे आहेत.

नळ्या पंचवीस ते तीस अंशांवर ठेवून चार आठवडे वाट पाहिली जाते. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत काही न उगवले तरच 'वाढ नाही' असा शेरा मारून फाइल बंद होते. वाढ दिसू लागली की तिचे दोन मुखडे वाचावयाचे असतात, वरचा पृष्ठभाग आणि नळी उलटी धरून पाहिलेली पाठ. ट्रायकोफायटॉन रुब्रम वरून पांढरी, मऊ, आणि पाठीवरून मद्यासारखी लाल उतरते. एपिडर्मोफायटॉन फ्लॉकोसम खाकी, सुरकुतलेली. मायक्रोस्पोरम कॅनिसची पाठ केशरी पिवळी. ट्रायकोफायटॉन व्हायोलेसियम संथ, मेणचट, जांभळी. पण रंगावर विसंबणाऱ्याची फसगत ठरलेली, म्हणून वाढीचा तुकडा लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू या निळ्या रंगात भिजवून पाहतात, आणि तुकडा उचलताना बीजाणूंची मांडणी विस्कटत असल्याने काचपट्टीवरच अगारचा चौकोन ठेवून बुरशी तेथेच वाढविण्याची युक्तीही वापरतात. मग खरी ओळख पटते. ट्रायकोफायटॉन मेन्टाग्रोफायटिसचे बारीक गोल बीजाणू द्राक्षांच्या घोसासारखे लागलेले असतात, आणि तिचे तंतू अधूनमधून स्प्रिंगसारखे वळलेले दिसतात. रुब्रमचे अश्रूच्या आकाराचे बीजाणू तंतूच्या दोन्ही बाजूंना ओळीने बसलेले असतात. मायक्रोस्पोरम कॅनिसचे मोठे बीजाणू चात्यासारखे, खरबरीत आणि जाड भिंतीचे, सहाहून अधिक खणांचे. जिप्सियमचे पातळ भिंतीचे आणि सहाच्या आतले. एपिडर्मोफायटॉनला लहान बीजाणू नसतातच, सोट्यासारखे गुळगुळीत मोठे तेवढे असतात. श्योनलाइनच्या नावाने चालणारी फेव्हसची बुरशी बीजाणू क्वचितच धरते, तिच्या तंतूंची टोके मात्र हरणाच्या शिंगांसारखी फाकलेली असतात.

जेथे रूपाने निर्णय होत नाही तेथे वर्तन तपासतात. मेन्टाग्रोफायटिस युरियाचे विघटन करून नळीचा रंग गुलाबी करते, रुब्रम सहसा करीत नाही. निर्जंतुक केलेल्या केसांवर वाढू दिले असता मेन्टाग्रोफायटिस केसाला काटकोनात पाचरी खोदते, आणि रुब्रम केस नुसता वरून कुरतडते. ही चाचणी लिबेरो अजेलो आणि ल्यूसील जॉर्ज या जोडीने १९५७ मध्ये प्रसिद्ध केली. ट्रायकोफायटॉन टॉन्सुरन्सला थायामिन दिले तर ती तरारून येते, व्हेरुकोसमला बहुधा थायामिनबरोबर इनॉसिटॉलही लागते, घोड्यांवरच्या इक्विनमला निकोटिनिक आम्लाची चव लागते. मायक्रोस्पोरम ऑडुइनाय तांदळाच्या दाण्यांवर धड वाढत नाही, कॅनिस मात्र त्यांवर भरभरून उगवते. हे शास्त्र इतके घरगुती साहित्यावर चालते याचे मला कौतुक वाटते, आणि ते शिकविणारी माणसे कमी होत चालली आहेत याची चिंताही.

रुब्रमचा प्रवास येथे सांगण्यासारखा आहे. आज जगात सर्वाधिक आढळणारी ही जात १९१० मध्ये आल्डो कास्तेल्लानी या इटालियन वैद्याने वर्णिली, जो त्या वेळी कोलंबोत नोकरीस होता. तिचे मूळ स्थान आग्नेय आशियाच्या परिसरात असावे असे मानले जाते. पहिल्या महायुद्धाच्या काळात फिरणाऱ्या फौजांबरोबर, स्थलांतरित मजुरांबरोबर, आणि पुढे बुटांच्या व सार्वजनिक स्नानगृहांच्या प्रसाराबरोबर ती युरोप आणि अमेरिकेत पसरली, आणि तेथील नखांची व पावलांची कायमची रहिवासी झाली. शंभर वर्षांनी तोच मार्ग दुसऱ्या एका बुरशीने धरला आहे, आणि या खेपेस ती आपल्याच घरून निघाली.

गेल्या दहाबारा वर्षांत भारतातील त्वचारोगतज्ज्ञांना असे गजकर्ण दिसू लागले की जे पूर्वीच्या मात्रेला जुमानीत नाही, चेहऱ्यापासून घोट्यापर्यंत पसरते, आणि कुटुंबच्या कुटुंब व्यापते. प्रयोगशाळांत रुब्रमची गादी मेन्टाग्रोफायटिससारख्या दिसणाऱ्या बुरशीने घेतली. तिच्यातील पुष्कळ नमुने टर्बिनाफिनला दाद देत नव्हते. हे औषध बुरशीच्या स्क्वालीन इपॉक्सिडेज या विकराला बांधते. त्या विकराच्या ३९७ व्या स्थानावरील फेनिलॲलॅनिनच्या जागी ल्यूसिन येते, तेव्हा औषधाला पकड मिळत नाही. जपानमध्ये राहणाऱ्या भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांवरून तेथील संशोधकांनी २०२० मध्ये तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे स्वतंत्र नाव दिले. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधील पहिल्या दोन रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांतील एक बांगलादेशाहून परतली होती, आणि दुसरी नजीकच्या काळात परदेशी गेली नव्हती.

या प्रसाराचे खापर कोणत्याही एका कारणावर फोडता येत नाही, परंतु स्टिरॉइडमिश्रित मलमांना त्यातून सोडविणे कठीण आहे. स्टिरॉइडाने खाज आणि लाली दोन दिवसांत शमते, कारण शरीराचा प्रतिकारच शमतो. बुरशी मात्र निर्धास्त वाढते, चक्राची कडा पुसट होते आणि चेहरामोहरा बदलून जातो. इंग्लंडच्या दोघा वैद्यांनी १९६८ मध्ये या वेषांतरित गजकर्णाचे वर्णन केले होते. गंमत अशी की अशा चट्ट्याचा पापुद्रा केओएचमध्ये घातला असता त्यात तंतूंची दाटी झालेली दिसते, म्हणजे डोळ्याला ज्याने सर्वाधिक फसविले तोच काचेखाली सर्वांत उघडा पडतो. भारत सरकारने २०१८ मध्ये त्वचेवर लावण्याच्या काही स्टिरॉइडांना चिठ्ठीशिवाय विक्री बंद असलेल्या सूचीत घातले. हुकूम जारी झाला. त्याची अंमलबजावणी कशी आहे याचा दाखला बाईंच्या नोंदवहीतील ट्यूबांच्या रकान्यात रोज मिळतो.

आणि येथेच जुन्या कलेची मर्यादा येते. इंडोटिनी ही मेन्टाग्रोफायटिसपासून घोस, स्प्रिंग, युरिया, केसांचे खोदकाम यांपैकी कशानेही विश्वासाने वेगळी काढता येत नाही. त्यासाठी आयटीएस नावाच्या जनुकखंडाची अक्षरे वाचावी लागतात. प्रथिनांच्या वजनावरून ओळखणारी यंत्रे आता मोठ्या शहरांतल्या काही रुग्णालयांत आहेत, पण त्यांच्या स्मृतीत जेवढ्या जातींच्या नोंदी भरल्या आहेत तेवढ्याच त्या ओळखतात. इंडोटिनी हे नाव एका देशाला चिकटविल्याबद्दल भारतातील आणि बाहेरीलही संशोधकांनी हरकत घेतली. रोगांच्या नावांत भूगोल नसावा असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचविले होते, परंतु बुरशांचे नामकरण वेगळ्या संहितेने चालते, आणि तीत ही हरकत टिकत नाही. मला स्वतःला त्या नावाचे वैषम्य वाटत नाही. ज्या दुकानांतून ती बुरशी घडली ती दुकाने आपल्याच गल्ल्यांत आहेत.

आपल्याकडे या विषयाचा पाया नाही असे मात्र कोणी समजू नये. चंडीगढच्या पदव्युत्तर संस्थेत रोगकारक बुरशांचा राष्ट्रीय संग्रह आहे, आणि पुण्याला आघारकर संशोधन संस्थेत बुरशांचा राष्ट्रीय संवर्धन संग्रह आहे, ज्या संस्थेची सुरुवात १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञान-वर्धिनी म्हणून झाली. नमुना जिवंत ठेवण्याची एक रीत तर अतिशय स्वस्त आहे. निर्जंतुक केलेल्या ऊर्ध्वपातित पाण्यात बुरशीचा तुकडा टाकून बाटली बंद करावी, की ती वर्षानुवर्षे तशीच टिकते. ही रीत १९३९ मध्ये कास्तेल्लानीनेच सांगितली, तोच कोलंबोचा.

मी गेलो त्या विभागात अशा बाटल्यांचे एक कपाट आहे. ज्या नमुन्यांचे टर्बिनाफिनविरुद्ध बळ तपासावयाचे आहे ते त्यांतून काढून पुन्हा रोपले जातात, सूक्ष्म खाचांच्या थाळीत औषधाच्या उतरत्या मात्रांपुढे ठेवले जातात, आणि कोणत्या खाचेत वाढ थांबली ते वाचले जाते. जनुकवाचनाचे यंत्र विभागात नाही. त्याची दरखास्त वर गेलेली आहे, आणि तिच्यावर दोनदा खुलासा मागविला गेला आहे. तोवर अहवालावर 'ट्रायकोफायटॉन मेन्टाग्रोफायटिस समूह' एवढेच लिहून त्याखाली डॉक्टरीणबाई हाताने एक ओळ जोडतात. घरातील इतरांस चट्टे असल्यास त्यांनाही घेऊन यावे, आणि येताना सध्या लावीत असलेली ट्यूब आणावी, असे ती ओळ सांगते.